‘दुर्मीळ आहे’ एवढ्यावर केस रिपोर्ट उभा राहत नाही

पत्र, थोडक्यात: मी पॅथॉलॉजीत एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पूर्व विदर्भात. चाळिशीतल्या एका शेतकऱ्याच्या मांडीवर आठ सेंटिमीटरची गाठ होती. एमआरआयवर सॉफ्ट टिश्यू सार्कोमाची (मऊ ऊतींच्या कॅन्सरची) शंका घेतली होती. एफएनएसीत (बारीक सुईनं पेशी ओढून केलेल्या तपासणीत) आम्ही ‘दाहपेशी आणि काही संशयास्पद गोल पेशी’ असं लिहिलं. गाठ काढल्यावर ऱ्हायनोस्पोरिडिओसिस (बहुधा नाकात होणारा एक संसर्ग) निघाला. सरांच्या सांगण्यावरून अठराशे शब्दांचा केस रिपोर्ट (एका रुग्णावरचा लेख) लिहिला, मसुदा सोबत जोडला आहे. नियतकालिकानं चार दिवसांत ‘नवीन काही नाही’ म्हणून परत पाठवला. मग दुसरीकडून ईमेल आला: सात दिवसांत छापू, फी आधी भरा. रुग्णाची छापण्यासाठीची संमती घेतलेली नाही आणि तो गावी गेला आहे. शिवाय विभागातली सात नावं घालायला सांगितली आहेत. काय करू?

उत्तर:

डॉक्टर, चार दिवसांत लेख परत आला म्हणजे तो परीक्षकांपर्यंत गेलाच नाही, संपादकाच्या टेबलावरूनच फिरला. केस रिपोर्टच्या बाबतीत हे रोजचं आहे, त्यात कमीपणा नाही. पण मसुदा वाचल्यावर संपादकाची बाजूही पटते. शीर्षकात ‘अत्यंत दुर्मीळ’, पहिल्या वाक्यात ‘दुर्मीळ’, समारोपात पुन्हा ‘दुर्मीळ’. त्वचेखालचा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस भारतातून अनेकदा छापून आला आहे. मांडीवरचाही आला आहे. संपादकानं दोन मिनिटं शोध घेतला की तुमचा एकुलता एक दावा गळून पडतो आणि मग लेखात उरतं काय, तर पाठ्यपुस्तकातली माहिती.

मुंबईतलंच एक उदाहरण पाहा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट पहिल्यांदा मांडला. सगळा मजकूर दोन पानांत मावला. त्यांनी नेमकं काय दाखवलं? या माणसांच्या तांबड्या पेशी अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच, तिन्हींना दाद देत नाहीत आणि त्यांच्या सीरममध्ये मात्र ही तिन्ही प्रतिद्रव्यं असतात. म्हणजे नुसत्या पेशी तपासल्या तर गट ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’चं रक्त दिलं तर घात होतो. तो लेख आजही शिकवला जातो, कारण वाचणाऱ्याला त्यातून एक सापळा कळतो आणि सुटायची वाटही कळते: सीरम ‘ओ’ पेशींबरोबर लावून बघा. तो गट किती कमी लोकांत सापडतो, ही त्यातली दुय्यम गोष्ट आहे.

तुमच्या केसमध्ये असा सापळा आहे. मसुद्यात तो एका अर्ध्या वाक्यात उरकला आहे: ‘एफएनएसीत निश्चित निदान होऊ शकलं नाही.’ खरा लेख तिथंच आहे. त्या ‘संशयास्पद गोल पेशी’ काय होत्या?

एफएनएसीच्या स्लाइड कपाटातून काढा आणि पुन्हा बघा. या जीवाचे एंडोस्पोअर (आतले बीजाणू) साधारण ५ ते १० मायक्रॉनचे असतात. जीम्सा पद्धतीच्या रंगात ते गडद, गोल आणि सुटे दिसतात. सभोवती न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट आणि राक्षसपेशींची गर्दी असली की ते पेशींचे केंद्रक समजले जाणं सोपं आहे. आणि सार्कोमाची चिठ्ठी समोर असली की डोळा त्याच दिशेला जातो. भरलेलं स्पोरँजियम (बीजाणूंची पिशवी) शंभर ते साडेतीनशे मायक्रॉनचं, कधी त्याहून मोठं. २३ गेज सुईचं आतलं भोक सुमारे ०.३४ मिलिमीटर. मोठं स्पोरँजियम त्यातून अखंड येईल अशी आशा धरूच नये. स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या नमुन्यात) बहुधा फुटलेल्या भिंतीचे तुकडे आणि विखुरलेले एंडोस्पोअरच मिळतील. ते सापडले, तर लेखाचं मुख्य चित्र तेच.

स्मिअरची एक स्लाइड रंग काढून पीएएस या रंगानं पुन्हा रंगवता येते. एंडोस्पोअर आणि भिंत गुलाबी-किरमिजी उठतात, पेशींचे केंद्रक उठत नाहीत. मात्र ती स्लाइड निदानाची मूळ नोंद आहे. आधी तिचे सगळे फोटो काढा, विभागप्रमुखांची परवानगी घ्या आणि एकापेक्षा जास्त स्लाइड असतील तरच एक वापरा.

विभेदक निदान मसुद्यात पाऊण पान आहे, पण त्यात मोजमापच नाही. वाचणाऱ्याला हवं ते एवढंच. कॉक्सिडिऑइडिस या बुरशीचे गोल लहान, बहुतेक २० ते ६० मायक्रॉनचे (मोठेही भेटतात), आणि त्यांचे एंडोस्पोअर २ ते ५ मायक्रॉनचे. पीएएस आणि जीएमएस दोघांनाही रंगवतात, म्हणून त्या दोन रंगांवर फरक ठरत नाही. म्युसिकार्मिन हा रंग ऱ्हायनोस्पोरिडियमच्या (म्हणजे आपल्या जीवाच्या) भिंतीला रंगवतो, कॉक्सिडिऑइडिसला सहसा नाही. शिवाय कॉक्सिडिऑइडिस अमेरिका खंडाचा रहिवासी, तेव्हा प्रवासाचा इतिहास एका वाक्यात आलाच पाहिजे. दुसरा नकली म्हणजे मायोस्फेरुलोसिस: चरबीच्या संपर्कानं बदललेल्या तांबड्या पेशींची पोतडी. तिथं जीएमएस कोरा राहतो. हे तिन्ही एका छोट्या तक्त्यात बसतात.

मसुद्यात तीन ठिकाणी ‘फंगल इन्फेक्शन’ लिहिलं आहे, ते काढा. १९९९ मध्ये राइबोसोमच्या १८एस जनुकाच्या क्रमावरून हा जीव बुरशी नसून माशांच्या काही परजीवींच्या जवळचा, मेसोमायसेटोझोआ गटातला असल्याचं दिसलं. जुन्या पुस्तकांत तो बुरशीच्या प्रकरणात आहे, म्हणून ही चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे. परीक्षकाला ती पहिल्या पानावर दिसली की पुढचं तो संशयानंच वाचतो.

आता एक गोष्ट लेखाआधीची. या माणसाचं नाक कुणी तपासलं का? मसुद्यात उल्लेख नाही. त्वचेखालच्या गाठीबरोबर नाकात किंवा नासाग्रसनीत मूळ घाव असणं नेहमीचं आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून एंडोस्कोपी झाली नसेल तर रुग्णाला बोलवायचं पहिलं कारण तेच, संमतीपत्र त्यानंतर. तलावात किंवा डबक्यात अंघोळ, गुरं धुणं, वाळू उपसणं हा इतिहास नीट विचारा. डोळे बघा, अंगावर आणखी गाठी आहेत का बघा, एचआयव्हीची स्थिती नोंदलेली आहे का बघा. गाठीच्या कडा मोकळ्या होत्या का, बुडाला कॉटरी केली (बूड जाळलं) होती का, डॅप्सोन हे औषध दिलं असेल तर डोस किती आणि किती महिने, हे सर्जनकडून घ्या. हा आजार परत येण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ‘रुग्ण बरा आहे’ असं लिहून शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या आठवड्यात पाठवलेला लेख कच्चा. निदान सहा महिन्यांची पाहणी हाताशी असू द्या.

साहित्याचा शोध कसा घेतला हेही मसुद्यात नाही. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत रोगाचं मेश शीर्षक (ठरावीक विषय-शब्द) घ्या, त्याला त्वचेखालची, मऊ ऊती, मांडी, सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) असे शब्द ‘किंवा’नं जोडून लावा आणि प्रकाशनप्रकार ‘केस रिपोर्ट’ निवडा. मग तोच शोध प्रकार न निवडता पुन्हा करा, कारण संपादकाला पत्र म्हणून छापलेल्या केसेसवर ते लेबल नेहमी नसतं. गूगल स्कॉलरही चाळा. भारतातली बरीच नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीत. शोधाची तारीख आणि शब्द वहीत उतरवून ठेवा. ‘जगातली पहिलीच केस’ हे वाक्य लिहूच नका. फार तर ‘अमुक तारखेपर्यंत अमुक शब्दांनी शोधल्यावर सायटॉलॉजीत चकवा दिल्याच्या इतक्या केसेस आढळल्या’ असं लिहा आणि त्यांचा तक्ता द्या: वय, जागा, आधीचं निदान, एफएनएसीत काय लिहिलं होतं, पाठपुरावा. या शेवटून दुसऱ्या रकान्यामुळे तुमचा लेख इतरांपेक्षा वेगळा ठरेल.

याच कामात विभागाचं रजिस्टर उघडा. तुमच्या भागात हा आजार मुळात दुर्मीळ नाही. गेल्या दहा वर्षांत नाकाबाहेरच्या चार-पाच केसेस निघाल्या तर एका केसऐवजी केस सिरीज करा. ती संशोधनात मोडते, तेव्हा स्लाइड काढण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते, ती समितीच देते. व्यवहाराचा भागही सांगायला हवा: वैद्यकीय शिक्षकांच्या पदांसाठी २०२० सालापासूनच्या नियमांत मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज यांची नावं होती, एकट्या केस रिपोर्टचं नव्हतं. नियम पुन्हा बदलले आहेत, तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची चालू प्रत स्वतः वाचा, वरिष्ठांच्या आठवणीवर विसंबू नका.

फोटो

पॅथॉलॉजीतला केस रिपोर्ट बहुतेक लोक फोटो बघून वाचायचा की नाही ते ठरवतात. तुमचे चार फोटो मोबाईल आयपीसला लावून घेतलेले आहेत: कडा काळ्या, पार्श्वभूमी पिवळी. त्यातले दोन व्हॉट्सअ‍ॅपवरून आले असावेत, कारण दाबून लहान झालेल्या चित्राचे चौकोन दिसतात. मोबाईलनंच काढायचे असतील तर अडॅप्टर वापरा आणि फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. शक्य असेल तर कॅमेरा असलेला मायक्रोस्कोप गाठा. आधी कोहलर पद्धतीनं प्रकाश जुळवा, कंडेन्सर वर घ्या, स्लाइडचा रिकामा भाग समोर ठेवून व्हाइट बॅलन्स करा, मग फोटो.

छपाईसाठी बहुतेक ठिकाणी ३०० डीपीआय मागतात. हा आकडा एकटा निरर्थक आहे, छापील रुंदीबरोबर घ्यायचा असतो. साडेआठ सेंटिमीटरच्या एका रकान्याला सुमारे १००० पिक्सेल रुंदी लागते, सतरा सेंटिमीटरच्या पूर्ण पानाला सुमारे २०००. पाचशे पिक्सेलच्या चित्राचा डीपीआय फोटोशॉपमध्ये ३०० केला म्हणून तपशील वाढत नाही.

‘×४००’ असं लिहिण्याची पद्धत सोडा. ४०च्या ऑब्जेक्टिव्हला १०चं आयपीस म्हणून ४००, पण पानावर किंवा पडद्यावर चित्र लहान-मोठं झालं की तो आकडा खोटा ठरतो. स्केल बार द्या. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर लागतो: एक मिलिमीटरचे शंभर भाग, प्रत्येक १० मायक्रॉनचा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हखाली, तोच कॅमेरा आणि तेच रिझोल्यूशन ठेवून त्याचा एकेक फोटो घ्या, म्हणजे प्रमाण कायमचं मिळतं. या केसमध्ये तर मापावरच निदान उभं आहे, म्हणून स्केल बार नसलेला फोटो चालणारच नाही.

मोजताना आणखी एक चूक होते. सेक्शन (ऊतीचा काप) ३-४ मायक्रॉन जाड, स्पोरँजियम तीनशे मायक्रॉनचा गोल. सुरी प्रत्येक गोलाच्या मधोमध जात नाही. कडेजवळून कापलेला मोठा गोलही साठ मायक्रॉनचा दिसतो आणि कुणीतरी म्हणतं, हा कॉक्सिडिऑइडिस. म्हणून सरासरी देऊ नका. किती गोल मोजले, सर्वांत मोठा केवढा आणि पल्ला काय, ते द्या.

चित्रं चारच ठेवा: एमआरआयचा एक काप, स्मिअर, एच अँड ई या नेहमीच्या रंगावर पक्व आणि अपक्व स्पोरँजियम एकत्र दिसणारं क्षेत्र, आणि म्युसिकार्मिन. ग्रॉसचा (काढलेल्या अख्ख्या गाठीचा) फोटो चांगला असेल तर पाचवा. तुमच्या ग्रॉसच्या फोटोत पट्टीशेजारी लॅबचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो, तो काढा. एमआरआयच्या कोपऱ्यात नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख चित्रातच उमटलेली असते. पॉवरपॉइंटमध्ये चित्र क्रॉप करून ती लपवलीत तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहतो आणि कुणीही परत उघडू शकतो. ‘क्रॉप केलेले भाग काढून टाका’ हा पर्याय वापरा किंवा चित्र वेगळं निर्यात करा. फाइलचं नावही बघा. तुमच्या एका फाइलच्या नावात रुग्णाचं आडनाव आहे. उजेड आणि रंगछटा संपूर्ण चित्राला सारखी बदलली तर चालते. एखादा डाग पुसणं किंवा दोन क्षेत्रं जोडणं ही फेरफार समजली जाते आणि त्यावरून लेख मागे घेतले जातात. मूळ फाइल न बदलता जपून ठेवा.

ब्लॉकबद्दलही (ऊती बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याबद्दल) आताच बोला. तो ‘टाकायचा नाही’ म्हणून खूण करून घ्या आणि एकाच बैठकीत आठ-दहा कोरे सेक्शन कापून ठेवा. दर वेळी ब्लॉक नव्यानं मशीनवर चढवला की सपाट करण्यात ऊती वाया जाते आणि परीक्षक जादा रंग मागतो तेव्हा हाती नुसतं मेण उरतं.

लिहिण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी चित्रं आणि त्यांच्या ओळी, मग केसचं वर्णन, मग चर्चा, सर्वांत शेवटी सारांश आणि शीर्षक. केसचं वर्णन चारशे-पाचशे शब्द, घटना ज्या क्रमानं घडल्या त्याच क्रमानं. निदान आधीच फोडू नका. सर्जनला आणि सायटॉलॉजिस्टला त्या दिवशी जे दिसत होतं तेच वाचणाऱ्याला दिसू द्या. तारखांऐवजी ‘तिसऱ्या आठवड्यात’, गावाऐवजी ‘मध्य भारत’, वय नुसतं वर्षांत. चर्चेचा पहिला परिच्छेद सापळ्याचा: काय चुकलं, का चुकलं, कशानं टळलं असतं. ‘आमच्याच विभागानं दिलेला एफएनएसी अहवाल होता’ हे लपवू नका, लेखाची किंमत त्यातच आहे. रोगाचा इतिहास, भूगोल आणि जीवनचक्र मिळून चार वाक्यं पुरेत. तुमच्या मसुद्यात ते साडेसहाशे शब्द आहेत. एकूण बाराशे शब्द आणि दहा-पंधरा संदर्भ, त्यातला प्रत्येक उघडून वाचलेला. संगणकाच्या लेखन-साधनानं सुचवलेले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात. असं साधन वापरलं असेल तर ते जाहीर करावं लागतं, ते लेखक होऊ शकत नाही, आणि रुग्णाची माहिती किंवा चित्रं त्यात टाकायची नाहीत. शेवटी केस रिपोर्टमध्ये काय असावं याची २०१३ सालची ‘केअर’ यादी समोर ठेवा. तेरा मुद्दे आहेत आणि बरीच नियतकालिकं ती भरून मागतात. रुग्णाचं स्वतःचं म्हणणं हा त्यातला एक मुद्दा आपल्याकडे बहुतेक वेळा कोराच राहतो. गाठ कॅन्सरची नाही हे कळेपर्यंतचे आठवडे त्यानं कसे काढले, यावर दोन वाक्यं तरी त्याला विचारून लिहा.

संमती

शस्त्रक्रियेच्या वेळी सही केलेला कागद यासाठी चालत नाही, आणि रुग्णालयाच्या छापील फॉर्ममधली ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ ही ओळसुद्धा बहुतेक संपादकांना पुरत नाही. छापण्यासाठीची संमती वेगळी, लेखी आणि मराठीत, किंवा त्याला जी भाषा कळते तीत. त्यात हे आलं पाहिजे: नाव छापलं जाणार नाही, पण ओळख शंभर टक्के लपेल अशी हमी देता येत नाही, लेख इंटरनेटवर जगात कुणालाही वाचता येईल, पैसे मिळणार नाहीत, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, छापून येईपर्यंत संमती मागे घेता येते, नंतर नाही. वाचता न येणाऱ्याला सगळं वाचून दाखवा, अंगठा त्याचाच घ्या आणि विभागाबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या वतीनं भावानं केलेली सही ही संमती नव्हे.

फोनवर बोलून एंडोस्कोपीसाठी बोलवा आणि त्याच फेरीत संमती विचारा. येण्या-जाण्याचा खर्च विभागानं द्यावा हे आमचं मत. त्याची मजुरी बुडवून आपला लेख होऊ नये. नियतकालिकाचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोच न्या, नाहीतर दुसरी खेप पडेल. सही झालेला कागद विभागात कुलपात ठेवा. त्यावर नाव असतं, म्हणून मागितल्याशिवाय लेखासोबत पाठवायचा नाही. लेखात फक्त ‘लेखी संमती घेतली आहे’ हे वाक्य. तो सापडलाच नाही, तर नैतिकता समितीला प्रयत्नांची नोंद दाखवून पत्र मागा. काही संपादक ते मान्य करतात, बरेच करत नाहीत. रुग्ण हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. संमती नसताना ते वाक्य लिहिणं मात्र सरळ खोटेपणा आहे. एकट्या केससाठी समितीची मंजुरी लागते की नाही, हे प्रत्येक संस्थेत वेगळं असतं; आधीच विचारून ‘आवश्यक नाही’ असं लेखी घेतलं तर अर्ज भरताना अडत नाही.

सात नावं

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समितीच्या चार अटी आहेत आणि चारही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: कामात, माहिती मिळवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात गांभीर्यानं सुधारणा करणं; अंतिम प्रतीला मान्यता; आणि पूर्ण लेखाची जबाबदारी. पद ही अट नाही. पण हे विभागप्रमुखांना तोंडावर ऐकवण्यात शहाणपण नाही. सातही जणांना मसुदा ईमेलनं पाठवा, त्याखाली चार अटी आणि प्रत्येकाच्या नावापुढं ‘योगदान’ असा रकाना ठेवा आणि दहा दिवसांत दुरुस्त्या मागवा. ज्यांनी स्लाइड पाहिली आहे आणि मसुद्यावर लाल खुणा करून पाठवल्या आहेत, ते लेखक, मग ते विभागप्रमुख का असेनात. ज्यांचा रकाना कोराच परत येतो त्यांची नावं आभारात जातात, तीही त्यांना विचारून. ज्यांचं नाव तुमच्या यादीत नाही आणि असायला हवं, ते म्हणजे सर्जन. इतिहास, शस्त्रक्रिया आणि पाठपुरावा त्यांचा आहे. त्यांनाही मसुदा पाठवा.

क्रम पाठवण्याआधी लेखी ठरवा. लेख गेल्यावर नाव घालायचं-काढायचं झालं तर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि संपादक कारण विचारतो. पत्रव्यवहारासाठी कॉलेजचा ईमेल देऊ नका. एमडी संपल्यावर तो बंद होतो आणि तीन वर्षांनी कुणी स्लाइडबद्दल विचारलं तर पत्र हवेत जातं.

‘सात दिवसांत’ छापणारे

उत्तर देऊ नका, कॉपीराइटचा फॉर्म तर मुळीच भरू नका. तो फॉर्म एकदा गेला की लेख काढून घेणं जिकिरीचं होतं, आणि एकदा तिथं छापलं की दुसरीकडे पाठवता येत नाही. स्वीकारण्याआधी फी मागणं आणि परीक्षणाला चार दिवसही न देणं एवढ्यावरच ओळख पटते. त्या ईमेलच्या तळाशी जे शिक्के आहेत त्यांत ‘गूगल स्कॉलर’ला इंडेक्सिंग म्हटलं आहे, ते शोधयंत्र आहे, तिथं काहीही दिसतं. खात्री करायची तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक टाका आणि ‘मेडलाइनसाठी सध्या इंडेक्स केलेलं’ असं आहे का ते बघा. पबमेडमध्ये एखादा लेख दिसणं आणि नियतकालिक मेडलाइनमध्ये (त्या ग्रंथालयाच्या निवडक सूचीत) असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खुल्या नियतकालिकांसाठी डीओएजेची यादी आहे. त्याहून साधी परीक्षा म्हणजे गेल्या अंकातले दोन केस रिपोर्ट उघडून सूक्ष्मचित्रं बघा. धूसर, स्केल बार नसलेली चित्रं छापली असतील तर तिथं कुणी पॅथॉलॉजिस्टनं परीक्षण केलेलं नाही.

तुमच्या लेखासाठी सायटॉलॉजीची नियतकालिकं आधी बघा, कारण सापळा सायटॉलॉजीचा आहे. भारतीय सायटॉलॉजिस्टांच्या अकादमीचं ‘जर्नल ऑफ सायटॉलॉजी’ आहे; पॅथॉलॉजिस्ट व मायक्रोबायोलॉजिस्टांच्या संघटनेचं ‘इंडियन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड मायक्रोबायोलॉजी’ आहे; मुंबईच्या केईएममधून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आहे. कोण केस रिपोर्ट घेतं, किती शब्दांचा, किती फी, हे नियम बदलत राहतात, म्हणून पाठवायच्या दिवशी लेखकांसाठीच्या सूचना वाचा. ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ला पाठवायचं तर एका लेखकाची किंवा संस्थेची फेलोशिप लागते आणि संमतीचा त्यांचाच फॉर्म चालतो, तुमच्या ग्रंथालयाकडे संस्थेची आहे का विचारा. स्मिअरचा फोटो खरोखर उत्तम आला आणि पाठपुरावा मात्र अपुरा राहिला, तर पूर्ण केस रिपोर्टऐवजी संपादकाला पत्र किंवा चित्र-सदर हा प्रकार निवडा. पाचशे शब्द आणि दोन चित्रांत तुमचा मुद्दा मावतो. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, हे वेगळं सांगायला नको.

सोबतच्या पत्रात ‘आमचा लेख छापावा ही नम्र विनंती’ यापलीकडे दोन वाक्यं लिहा: एफएनएसीत हा चकवा कसा होतो आणि कोणत्या खुणेनं टळतो. संपादकाचा निर्णय बहुधा त्या दोन वाक्यांवर होतो.

परीक्षकांचे शेरे आले की प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर आणि बदल केलेल्या ओळीचा क्रमांक द्या. एक शेरा येईल असं धरूनच चाला: ‘कल्चर का केलं नाही?’ हा जीव कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही; तेवढं एका वाक्यात, संदर्भासह लिहा आणि पुढच्या शेऱ्याकडे वळा. पीसीआर (जनुकीय चाचणी) विचारला आणि सोय नसेल तर तसं सांगून मर्यादांमध्ये एक ओळ घाला. नाकाच्या तपासणीबद्दलही विचारतीलच, आणि एंडोस्कोपीचा अहवाल तोवर तुमच्या फाइलमध्ये असायला हवा.